बोडीटोल्याचा हुप्प्या

भंडारा जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला जो तो विचारतो. विचारणारे सगळे आमच्या दूध-कट्ट्यावरचे. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. पेला हातात आला की माणसाला सगळ्या जगाची माहिती होते. पण जगाची माहिती असलेल्या या मंडळींपैकी एकानेही नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. मी टाकलं, म्हणून हे लिहितो. आधीच सांगून टाकतो, तिथली देवळं, किल्ले मी धड पाहिले नाहीत. मी माझी मुलगी पाहून आलो.

आमची शैला प्राणिशास्त्र शिकली. एम.एस्सी.ला पहिली आली तेव्हा मी कट्ट्यावर पेढे वाटले. मग तिने पीएच.डी.साठी वानरं निवडली आणि पेढ्यांचा विषय जरा अवघड झाला. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. त्यांच्यात कोणाचं कोणाशी जमतं, कधी जमतं, आई पिलाला का कवटाळते, नर का भांडतो आणि या सगळ्यामागे अंगातल्या कोणत्या रसांचा हात असतो, हा तिचा अभ्यास. लग्नाच्या वयाची मुलगी झाडाखाली बसून वानरांचं जमणं टिपून घेते, हे शेजारणीला कसं सांगायचं या काळजीत आमच्या सौभाग्यवती असत. त्या "शैला नागपूरला प्रोफेसर आहे" एवढंच सांगून विषय बदलत. मी विचारेल त्याला खरं सांगायचो, पण आवाज थोडा खाली घेऊन.

त्र्याऐंशी सालच्या माघात मी निघालो. बरोबर घरचं तूप, लसणाची चटणी आणि घरून आलेला हुकूम. पोर कशी राहते ते बघा आणि ऐकली तर घेऊनच या.

साकोलीची एस.टी.

रेल्वेत काय झालं ते सांगत बसत नाही. झोप झाली नाही आणि डब्यातली चटणी समोरच्याने संपवली, एवढंच. साकोलीहून एकोडीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो तेव्हा कुठे प्रवास सुरू झाल्यासारखं वाटलं. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ऊस असा उभा असतो की पलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर जाईल तिथवर मोकळं रान. धान कधीच कापून झालेलं, आणि त्याच ओलीवर बांध्याबांध्यांतून लाखोळीची डाळ हिरवीगार पसरलेली. मधूनच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं, आणि लांब जंगलाच्या काठाला पळस पेटलेला.

कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "कोणाकडं जाता जी?"

मी ताठ बसून सांगितलं, "मी कोल्हापूरचा बापूसाहेब चौगुले. बोडीटोल्याला जायचंय, शैला चौगुले यांच्याकडे."

कोल्हापुरात या नावावर रिक्षावाला पत्ता न विचारता नेतो. इथे कंडक्टरच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग एकदम त्याची ट्यूब पेटली.

"वांदरवाली बाई? अजी, मंग असं सांगा ना! वांदरवाल्या बाईचे बाबूजी होय हे!" त्याने मागे वळून साऱ्या गाडीला सांगितलं. गाडीने माना वळवून मला बघून घेतलं. एक आजी तर उठून जवळ येऊन बघून गेली. आयुष्यभर कमावलेलं माझं नाव एकोडीच्या फाट्याआधीच गळून पडलं होतं, आणि खरं सांगतो, मला राग आला.

कंडक्टरने ड्रायव्हरच्या मागून एक पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "बाईचा बरफ आहे. आम्हीच आणून देतो साकोलीतून. भरलेल्या बाटल्या जातेत नागपूरले, रिकामा डबा येते बरफ घेऊन. नीट धरा."

धरला. बर्फाच्या गारव्याने मांडी बधिर झाली तशी मी तो या मांडीवरून त्या मांडीवर करत राहिलो. तेवढ्यात शेजारचा शेतकरी म्हणाला, "बाबूजी, बाईले समजवा जी तुम्ही. शुक्रवारी पारावर बैठक आहे. हुप्प्याले धराले माणूस बोलवून राहिलो आम्ही, अन बाई म्हणते नका धरू. काहून म्हणते, समजत नाई."

टोळीच्या मुख्य नराला हुप्प्या म्हणतात हे मलाही ठाऊक होतं. तो हूप हूप करत उड्या मारतो म्हणून हुप्प्या. पण त्याला पकडणं न पकडणं यात माझ्या मुलीचं काय अडलंय, ते त्या क्षणी मला कळलं नाही.

मोहाखाली

बोडीटोला म्हणजे एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, कडेला बसलेली वस्ती. शेवटी मारुतीचं देऊळ, देवळापुढे पिंपळाचा पार आणि पाराला लागून मनाबाईचं घर. मनाबाई साठीची, एकटी, स्वतःची शेती स्वतः करणारी बाई. तिच्या ओसरीच्या खोलीत शैला राहत होती. पोर उन्हाने रापली होती, अंगात माझाच जुना सदरा होता, आणि मला बघून तिने जी मिठी मारली तीत तिच्या आईचा हुकूम कुठेतरी चेंगरून गेला.

"आबा, वाळलासा की तुम्ही!"

"मी वाळलो? तू आरशात बघितलंस का?"

मनाबाईने जेवायला वाढलं. भात, पुन्हा भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातले झिंगे घातलेली वांग्याची भाजी. भाकरीची सवय असलेल्या माणसाला एवढा भात म्हणजे नुसता वारा, पण झिंग्यांनी माझं मन वळवलं. मनाबाई म्हणाली, "सांबार टाकू का जी वरून?" भाजीवर सांबार कशाला ओततात म्हणून मी नको नको म्हणून ताटावर हात धरला. तिने माझ्या बोटांवर कोथिंबीर टाकली. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे असं कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास शैलाने मला तळ्याच्या पाळीवर नेलं. मोहाच्या झाडांवर टोळी झोपली होती. शैलाच्या हातात बांबूच्या कडीला ताणून बांधलेला प्लास्टिकचा कागद. वानर उठलं की आधी सगळ्यांसारखंच करतं. ते त्या कागदावर झेलायचं, नाहीतर खालच्या पळसाच्या पानावरून पिचकारीने उचलायचं, बाटलीत भरायचं आणि बाटलीवर त्या मादीचं नाव लिहायचं. प्रत्येक मादीला तिने नाव दिलेलं. माझी पहिली आलेली मुलगी पहाटे पहाटे वानराच्या लघवीखाली कागद धरून धावत होती, आणि एवढ्या वेगाने, एवढ्या अचूक, की मला हसूही आलं आणि उरही भरून आला.

मग टोळी खाली उतरली. एक तरणी मादी दुसरीच्या मांडीवर डोकं टाकून पडली आणि ती तिच्या केसांतून बोटं फिरवू लागली. एका आईकडून तिची बहीण पिलू मागून घेत होती. ते तिसरीकडे गेलं, तिच्याकडून चौथीकडे. अगदी आमच्या गल्लीत नवं बाळ फिरतं तसं.

"आबा, तुमच्याकडं डॉक्टर ते पान्ह्याचं इंजेक्शन विकायला आलेला, आठवतं?"

"हाकलून दिला होता त्याला. म्हशीला इंजेक्शन टोचून पान्हा सोडवायचा म्हणजे काय!"

"त्या इंजेक्शनात जो रस असतो, तो आईच्या अंगात आपोआप असतो. पिलू आचळाला लागलं की सुटतो, पान्हा फुटतो. पिलाला कवटाळण्यातही त्याचा हात असतो. असल्या रसांना आम्ही संप्रेरकं म्हणतो. अंगातल्या अंगात फिरणारे निरोपे. कुठला माज, कुठलं दूध, कोणाला जवळ घ्यायचं, कोणावर धावून जायचं, सगळीकडे हे निरोपे फिरत असतात. आणि लघवीतून बाहेर पडतात, म्हणून या बाटल्या."

मी मान हलवली. गोठ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातलं अर्धं ओळखीचं वाटलं.

तेवढ्यात एक मादी एकटीच बाजूला बसलेली दिसली. तिच्या हातात पिलू होतं. ते हलत नव्हतं. ती त्याला चाटत होती, पोटाशी धरत होती, मधेच त्याचं डोकं लटकलं की उचलून नीट करत होती.

"परवा मेलं," शैला म्हणाली. "हुप्प्यानं चावलं. ती सोडत नाही अजून."

दिवाळीत बाहेरच्या नरांची टोळी आली होती. त्यांतल्या एकाने जुन्या हुप्प्याला हाकललं आणि टोळी घेतली. मग त्याने अंगावर पिणारी दोन पिलं मारली. त्या वेळी गाव फार हळहळलं नाही, कारण गावाला ठाऊक होतं की हुप्प्या नर-पिलू जिवंत ठेवत नाही, मोठं होऊन वैरी होईल म्हणून मारतो. ती दोन्ही नरच होती. पण हे तिसरं पिलू मादी होतं. मादीला मारणारा हुप्प्या कोणी ऐकला नव्हता. तेव्हा हा पिसाळला, याला धरून लांब जंगलात सोडा, असं गावाने ठरवत आणलं होतं. धान, हरभरा, पपया वानरं खातात त्याबद्दल यांनी कधी माणूस बोलावला नव्हता. हा माणूस बोलवायचा होता तो निव्वळ पिलांच्या दयेपोटी.

"मग बरोबरच आहे की त्यांचं!" मी म्हणालो.

"नाही आबा. नर-मादी तो बघतच नाही. पिलू आधीच्या हुप्प्याचं होतं, एवढंच त्याला पुरे. आणि आता टोळीत तिघी त्याच्यापासून गाभण आहेत. वरून दिसत नाही अजून, पण बाटल्या तपासून आल्यात, त्यांत कळलंय. याला नेलं की महिन्याभरात दुसरा येणार. तो या तिघींची पिलं मारणार. आणि त्यांना वाटेल आपण वाचवलं." तिने त्या मादीकडे पाहिलं. "ते कसं सांगू यांना?"

तेव्हा मला कळलं की शुक्रवारी काय पणाला लागणार आहे. अभ्यास तर होताच, पण त्या तीन न जन्मलेल्या पिलांचा जीव आता माझ्या मुलीच्या जिभेवर होता.

शिंपडलेली मेहनत

दुपारी मादीने पिलू पाराच्या कडेला ठेवलं आणि टोळीमागे निघून गेली. अर्ध्यात थांबली, मागे वळून पाहिलं आणि गेली. मनाबाई बाहेर आली, पदर डोळ्याला लावला आणि साऱ्या वस्तीला हाक दिली. मारुतीचं लेकरू म्हणून त्याला हळद-कुंकू वाहिलं, नव्या फडक्यात गुंडाळलं, टाळ वाजवत तळ्यापलीकडे नेऊन पुरलं. माणसाच्या मयतीला असतात तेवढी माणसं होती. आमच्याकडे एवढं झालेलं मी पाहिलं नाही. मीही मूठभर माती टाकली.

परत आल्यावर आंघोळ केली. मयतीहून आल्यावर आमच्या घरी गोमूत्र शिंपडतात. शैलाच्या खोलीत कोपऱ्यात बर्फाच्या डब्यात बाटल्या दिसल्या. पिवळसर पाणी, नीट बुच लावलेलं. पोर लांब राहूनही घरचं वळण विसरली नाही, या अभिमानात मी एक बाटली उघडली, दारावर शिंपडली, उंबऱ्यावर शिंपडली, थोडी डोक्यावर घेतली.

शैला आत आली आणि दारातच थिजली. "आबा, ती कुठली बाटली?"

"गोमूत्र."

तिने रिकामी बाटली उचलून नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या हसण्यात दोन दिवसांचं रडणंही बाहेर पडलं असावं. तीन पहाटा मागे धावून मिळवलेली ती बाटली होती. दुसरी जोडबाटली तिने भरून ठेवली होती म्हणून मी वाचलो. मी मात्र पुन्हा आंघोळ केली. मनाबाईने बाहेरून विचारलं, "काहून जी, इतल्यांदा आंघोळ काहून करून राहिले?" शैलाला पुन्हा हसू फुटलं.

पवनी

गुरुवारी शैला म्हणाली, चला, वैनगंगा दाखवते. घरात बसून तिला उद्याची धास्ती सोसवत नव्हती.

नदीकाठच्या पवनीला फार जुने बौद्धांचे अवशेष आहेत, मातीच्या टेकाडाखाली. ते मी लांबून पाहिले, कारण माझं लक्ष नदीवर गेलं. आमची पंचगंगा घरच्या म्हशीसारखी, हाक मारली की दिसते. वैनगंगेचं पात्र केवढं, आणि त्यात निम्मी नुसती वाळू. वाळूतच टरबुजांच्या वेलांना खड्डे करून पाणी घालणारी माणसं. नदीत शेती करतात, हे मी कट्ट्यावर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

वाळूवर बसून शैलाने उद्याचं भाषण म्हणून दाखवलं. "संप्रेरकांच्या पातळीतील बदलांमुळे मादीची प्रजननक्षमता..." मी हात जोडले. कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटलं.

"मग कसं बोलू? तिथं म्हातारी माणसं असणार, आबा. तुम्ही असणार. माजाचं, जमण्याचं, गाभण राहण्याचं... पोरीनं पारावर उभं राहून बोलायचं?"

खरं म्हणजे मलाही तीच लाज वाटत होती. मी तिला टरबूज घेऊन दिलं. ते कच्चं निघालं.

पारावर

शुक्रवारी दिवस कलताना सगळी वस्ती पारावर जमली. पुरुष पुढे, बाया मागे देवळाच्या भिंतीशी. देवाजी पाटील, वस्तीतले सर्वांत मानाचे, मधोमध. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

पहिली मनाबाईच उठली. "मी सांगतो. त्यानं पोट्टी मारली. नर मारते हे आमाले ठाऊक आहे, पर मादी मारली त्यानं. तो पिसाळला. उद्या दुसरी मारन. बलवा त्या माणसाले." बोलता बोलता ती शैलाकडे वळली. "अन तू काय करून राहिली होती बाई? तू त रोज तेथंच रायते. काहून नाई हाकललं त्याले?"



शैला उभी राहिली. "हाकललं, मनामाय. आमच्या अभ्यासात मध्ये पडायचं नसतं. तरी काठी घेऊन धावले. दोनदा वाचवलं. तिसऱ्यांदा मी पोचले तोवर झालं होतं."

मनाबाई खाली बसली. शैलाने कागद उघडला. "संप्रेरकांमुळे..." एवढंच म्हणाली असेल, तोच पुढचा एक म्हातारा कानाला हात लावून ओरडला, "संप? वांदरायचा संप होय का?" पारावर हशा पिकला. तेव्हा पेपरात रोज संपाच्याच बातम्या असायच्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरात बाप-लेकीने एकमेकांसमोर असले शब्द कधी उच्चारलेले नव्हते. पण लेकीचे ते डोळे बघून माझी लाज कुठल्या कुठे गेली. मी मोठ्याने म्हणालो, "शैले, गोठ्यातलं बोल. मी हाय हितं."

तिने कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"माझे आबा म्हशीवाले आहेत. मी गोठ्यात वाढले, गोठ्यातली भाषा बोलते, कोणी वाईट मानू नका. रेडकू अंगाखाली पीत असतं तोवर म्हैस लवकर माजावर येत नाही. दूध आटलं की येते. वानराचंही तेच. पिलू पितंय तोवर आईच्या अंगात दुधाचा निरोप फिरत असतो, तो माजाच्या निरोपाला थांबवून धरतो. नवा हुप्प्या येतो. त्याला कोण कधी हाकलेल याचा भरवसा नसतो. टोळीतल्या आया सगळ्या लेकुरवाळ्या. पिलू मेलं की दूध आटतं, आई माजावर येते, त्याच्यापासून गाभण राहते. म्हणून तो मारतो. नर असो, मादी असो. तो पिसाळलेला नाही. त्याच्या जातीचे सगळे नवे हुप्पे असंच करायला बघतात."

देवाजी पाटील माझ्याकडे झुकले. "खरं का जी, बाबूजी? दूध आटल्याबिगर येत नाई?"

"लवकर येत नाही," मी म्हणालो. "आम्ही त्याच हिशोबानं म्हशी रेड्याकडं नेतो."

मागे बायांत खसखस पिकली. पदराआडून एक आवाज आला, "म्हशीले कायले विचारता? लेकरू अंगावर असन त बाईलेबी तसंच रायते! आमाले विचारा ना!" बाया खळखळून हसल्या, पुरुष एकदम पिंपळाची पानं बघू लागले. शैलाचं बोलणं त्या कोपऱ्यात आधी पोचलं होतं. तिने तोंड तिकडेच वळवलं आणि पुढचं सगळं बायांना सांगितलं.

टोळीत तिघी त्या हुप्प्यापासून गाभण आहेत. याला नेलं तर दुसरा येईल, आणि त्याच्या लेखी ही तिन्ही पिलं परकी. "दया करायची तर त्याला राहू द्या. तो आपल्या पिलांना हात लावणार नाही, उलट दुसऱ्या नरांना आत येऊ देणार नाही."

"तिघी गाभण, हे तुले कोणं सांगितलं?" एका माणसाने विचारलं. "पोट त दिसत नाई."

"बाटल्यांनी सांगितलं. ज्येष्ठात तिघींच्या पोटाशी काळी पिलं दिसली नाहीत, तर मी स्वतः पकडणाऱ्याला घेऊन येईन आणि सामान बांधून त्याच एस.टी.नं जाईन."

तीन वर्षांची मेहनत तिने एका वाक्यात पारावर मांडून टाकली होती. पण ती उभी होती ताठ, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून. पारावरची सगळी माणसं माझ्या मुलीचं ऐकत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आहे, माझ्या गोठ्यातली.

मनाबाई अजून खालीच बघत होती. "अन मायनं काय कराचं?" तिने हळूच विचारलं. "त्या मायनं? तिच्या हाती काईच नाई का?"

"आहे, मनामाय. एक म्हातारी वानरी हुप्प्याच्या अंगावर जाते, दुसऱ्याच्या पिलासाठी. अंगावर वण आहेत तिच्या. आणि दुसरी आहे, ती हुशार. हुप्प्या आला तेव्हा ती जुन्यापासूनच पोटुशी होती. तरी माजावर आल्याचं सोंग केलं तिनं. त्याच्यासमोर जाऊन मान हलवायची, माजावरची मादी तसंच करते. त्याला वाटलं पोर आपलंच. तिचं पिलू जिवंत आहे. आज सकाळी तुमच्या पपईच्या झाडावर होतं तेच."

मनाबाईने मान वर केली. चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग हळूहळू हसू. "फशवलं त्याले?"

"फसवलं."

"बम हुशार होय माय!" मनाबाई म्हणाली आणि रडता रडता हसली. मग पदराने तोंड पुसून देवाजी पाटलांना म्हणाली, "राहू द्या त्या मुडद्याले. नका बलवू माणूस. पर मी सांगून ठेवतो, मी त्याले खाऊ नाई घालणार. बाकी साऱ्यायले घालन, त्याले नाई."

देवाजी पाटलांनी पारावर हात आपटला. बैठक संपली.

रात्री जेवताना मी शैलाला घरी चल म्हणालो नाही. तूप मात्र तिच्या भातावर डाव भरून वाढलं.

परतीची एस.टी. आणि त्यानंतर

निघताना शैलाने बाटल्यांचा डबा माझ्याच हाती दिला. साकोलीपर्यंत मांडीवर, तिथून कंडक्टर पुढे पाठवेल. मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. एकोडीला एक नवा प्रवासी शेजारी बसला आणि डब्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण होय जी तुम्ही?"

"मी वांदरवाल्या बाईचा बाप," मी म्हणालो. आवाज खाली घेतला नाही.

घरी पोचल्यावर सौ.ना सगळं सांगितलं, गोमूत्रासकट. दुसऱ्या दिवशी दारात शेजारीण आली तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "प्रोफेसर नाही हो, ती वानरांच्या आयांचं बघते." शेजारीण बराच वेळ गेली नाही.

मग उन्हाळा आला. धार काढताना माझं लक्ष लागेना. आमची एक म्हैस व्यायली तरी मला तिकडचे दिवस आठवत. ज्येष्ठ लागला, आणि एका संध्याकाळी शैला न कळवता आली. खांद्याला पिशवी, तसाच रापलेला चेहरा. घरात न शिरता ती थेट कट्ट्यावर आली. मी धार काढत होतो.

"आबा, तिन्ही! तिघींना झालं. तिन्ही जिवंत आहेत, काळी कुळकुळीत. हुप्प्या जवळ बसतो, हात लावत नाही." मग दम घेऊन म्हणाली, "आणि मनामायनं काल त्याला भाताचा गोळा टाकला. दुरून टाकला, तोंड फिरवून. पण टाकला."

माझे हात आचळावरच थांबले. म्हशीने वळून पाहिलं. मी पेला भरला, वर पुन्हा थोडं ओतलं, फेस सांडेपर्यंत, आणि त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येकाला तसंच दिलं. पैसे घेतले नाहीत.

"काय बापूसाहेब, आज काय विशेष?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"बाळंतपण झालं. आमच्या शैलाकडं."

त्याने शैलाकडे पाहिलं, चपापला, पेला ओठांशीच राहिला. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"तीन वानरं," मी म्हणालो आणि पुढचा पेला भरायला घेतला.